आधी खाऊन घ्या, मग पाडतो

काकांचं विमान आपल्या पाठीमागे लागलं तर घाबरायचं कारण नसतं. ते आधी सांगतात. ‘‘वकीलसाहेब, तुम्ही आता डावीकडे वळलात ना, तर थेट माझ्या मशीनगनसमोर येताय हां. बघा बुवा, विचार करा.’’ वकीलसाहेब विचार करतात आणि उजवीकडे वळतात. काकांच्या गोळ्या मोकळ्या हवेत जातात. ‘‘वा! काय सुटलात!’’ म्हणून काका मनापासून खूश होतात आणि वड्यांची ताटली शत्रूपुढे सरकवतात.

वसईत रविवारी दुपारी चार माणसं जेवणाच्या टेबलाभोवती उभी राहून पहिल्या महायुद्धातली विमानं उडवतात, यावर बाहेरच्यांचा चटकन विश्वास बसत नाही. वसई म्हटली की त्यांना किल्ला आठवतो, नाहीतर केळी, नाहीतर गाडीत चढायला न मिळणं. पण काकांचा वालीवला गाळा आहे. तिथे सहा दिवस प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं निघतात, आणि सातव्या दिवशी रिजेक्ट मालातून चाकं, प्रोपेलर आणि पारदर्शक काड्या. त्या काड्यांवर विमानं तोलायची. विमानं १/१४४ मापाची. म्हणजे जर्मन वैमानिक रिक्टहोफेन उडवायचा ते तीन पंखी फोकर टेबलावर येतं तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच सेंटिमीटर भरतं. काका भिंगाखाली त्याला लाल रंग देतात, आणि तेवढा वेळ फोन उचलत नाहीत. गिऱ्हाइकाचासुद्धा.

खेळ मूळचा इटलीचा. आंद्रेआ अँजोलिनो आणि पिएर जोर्जो पाल्या या दोघांनी तो रचला, २००४ साली ‘विंग्ज ऑफ वॉर’ या नावानं आला, पुढे ‘विंग्ज ऑफ ग्लोरी’ झाला. फासे नाहीत. प्रत्येक विमानाचा स्वतःचा पत्त्यांचा जुडगा: सरळ, हलकं वळण, कडक वळण, थबकणं, आणि गिरकी घेऊन उलट्या दिशेला तोंड करणं, ज्याला इमेलमान म्हणतात. पुढच्या तीन चाली आधीच ठरवायच्या, पत्ते पालथे ठेवायचे, मग सगळ्यांनी एकेक पत्ता एकाच वेळी उलटायचा. समोरचा काय करणार ते ठाऊक नाही, आणि आपलं तर बदलता येत नाही. मग पट्टी लावायची. पट्टीच्या अर्ध्या लांबीत सापडला तर त्यानं नुकसानीचे दोन पत्ते उचलायचे, त्याच्या पुढे पण पट्टीच्या आत असला तर एक. काय लागलं ते उचलणाऱ्यानंच बघायचं. आकडा तो सांगत नाही.

तीन चाली आधी ठरवायच्या म्हटल्यावर नवखे लोक घाबरतात. विरार लाइनच्या माणसाला त्यात विशेष काही वाटत नाही. नालासोपाऱ्याचा माणूस सकाळी चर्चगेटला जायचं म्हणून आधी उलटा विरारला जातो आणि त्याच गाडीत बसून परत नालासोपाऱ्यावरून पुढे निघतो. इमेलमान म्हणजे दुसरं काय? आणि विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरायचं ज्याच्या मनात असेल, त्यानं तर चढण्यापूर्वीच तिन्ही पत्ते लावलेले बरे. फरक एवढाच की साध्या खेळात विमानं एकमेकांवरून गेली तरी टक्कर धरत नाहीत.

मंडळी मोजकीच. भुईगावचे केळीबागायतदार अंकल मिस्सा आटोपून येतात, म्हणून त्याआधी युद्ध सुरू होत नाही. ते फक्त सॉपविथ कॅमल घेतात. त्या विमानाचं इंजिन स्वतःच गरगर फिरायचं आणि त्या झटक्यानं ते उजवीकडे पटकन वळायचं, डावीकडे कुरकुरत. अंकलनी त्यातला अर्धाच भाग मनावर घेतला आहे. ते दुपारभर उजवीकडेच वळतात. कधीतरी कुणीतरी त्या गोलात येईल या श्रद्धेवर ते फिरत राहतात, आणि येतंही. वकीलसाहेब नियमपुस्तक बरोबर आणतात. त्यांच्याविषयी एवढं पुरे. माणिकपूरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई पट्टी लावायच्या आधीच ‘‘लागत नाही, पाव इंच कमी’’ म्हणतात आणि पट्टी त्यांचं ऐकते. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो, काकासुद्धा, जरी काका त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असले तरी. आणि अलीकडे एक इंजिनिअरिंगचा पोरगा यायला लागलाय. कॉम्प्युटरवर विमानं पाडून पाडून तयार झालेला. त्याची गोष्ट पुढे येईल.

खेळताना पंखा बंद. हा काकांचा एकमेव कडक नियम, कारण पंख्याच्या वाऱ्यानं एकदा अख्खं जर्मन पथक सोफ्याखाली गेलं होतं. मे महिन्यातली वसईची दुपार आणि पंखा बंद! घामानं पत्ते बोटांना चिकटतात. वीज गेली तर काका ‘‘बरं झालं, निर्णय सोपा झाला’’ म्हणतात. दुसरा नियम अगाशीच्या भुजिंगाबद्दल आहे. पोहे, चिकन आणि निखाऱ्यावरचा तो मसाला खाल्लेल्या हातानं विमानाला शिवायचं नाही. पण हा नियम कडक नाही, कारण भुजिंग काकाच मागवतात आणि हात धुवायला कुणी उठलं की ‘‘बसा हो, मी हलवतो तुमचं विमान’’ म्हणून शत्रूचं विमान स्वतः हलवतात. आणि शत्रूच्या फायद्याच्या जागीच ठेवतात. वकीलसाहेबांनी यावर एकदा हरकत घेतली होती. फायदा त्यांचाच होत होता, पण प्रश्न तत्त्वाचा होता.

टेबलावर आकाश म्हणून निळं कापड होतं, ते इस्त्रीत जळलं. तेव्हापासून सोलापुरी चादर अंथरतात आणि तिच्यावरच्या चौकटींना फ्रान्सची शेतं समजतात. काकूंना हे सगळं मान्य आहे, फक्त मूळ कल्पना पटत नाही. ‘‘एवढी माणसं बोलावून यांना पाडायचं कशाला? नुसतं जेवायला बोलवावं.’’ मला वाटतं, काकांना इतक्या थोडक्यात कुणी ओळखलेलं नाही.

कारण काकांना खरं तर कुणी पडलेलं चालत नाही. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, गाळ्यातल्या आवक-जावकीच्या वहीसारखी रेघा मारलेली. तारीख, विमान, कुणी पाडलं आणि शेवटचा रकाना: कुठे उतरलं. १९१८ सालची पश्चिम आघाडी, पण काकांच्या वहीत वैमानिक उतरतात नायगावच्या मिठागरात. किंवा अर्नाळ्याच्या समुद्रात, आणि कोळी त्यांना होडीत घेतात. एक जर्मन अंकलच्या बागेत उतरला, त्याला राजेळी केळी देण्यात आली. एकाच्या विमानाला आग लागली होती, तो निर्मळच्या तळ्यात पडला म्हणून वाचला. तुमचं विमान कोसळलं की काका वही उघडून, चष्मा कपाळावर चढवून विचारतात, ‘‘बोला, कुठे उतरवू?’’ नुकसानीच्या पत्त्यांत एक पत्ता असा असतो की विमानाचा जागच्या जागी स्फोट होतो. तो आला तेव्हाही काकांनी पॅराशूट दिलं. त्या युद्धात दोस्तांच्या लढाऊ वैमानिकांना पॅराशूट देत नसत, हे वकीलसाहेबांनी पुस्तक न उघडता सांगितलं. काका म्हणाले, ‘‘त्यांनी नाही दिलं, म्हणून आपणही द्यायचं नाही?’’ वहीत अजून एकही माणूस मेलेला नाही.

याला ते इतिहासाचा आधार देतात, आणि तोही घरचा. ‘‘१७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, मग पोर्तुगीजांचं काय केलं? सन्मानानं जाऊ दिलं. आठ दिवस दिले, सामान बांधायला. वसईत शत्रूला असंच पाठवतात.’’ यावर बाई म्हणतात की त्या आठ दिवसांच्या आधी दोन वर्षं मोहीम चालली होती, तटाखाली सुरुंग उडाले होते आणि हजारो माणसं गेली होती. ती कुठल्या रकान्यात घालायची? काकांना दोन वर्षं आठवत नाहीत. त्यांना शेवटचा आठवडाच आठवतो. तसंच रिक्टहोफेनचं. त्यानं ऐंशी विमानं पाडली, हे ते घाईघाईनं सांगतात, आणि २१ एप्रिल १९१८ला तो पडल्यावर दुसऱ्या दिवशी शत्रूनं, म्हणजे ऑस्ट्रेलियन वैमानिकांनी, त्याला बेरतांगल गावी लष्करी इतमामात कसं पुरलं हे इतकं सावकाश सांगतात, की तेवढ्यात वडे निवतात.

असा माणूस खेळायला बसला की बाकीच्यांची पंचाईत होते. जिंकणं अवघड नाही, जिंकून तोंड दाखवणं अवघड. ज्यानं तुम्हाला तीनदा सावध केलं, दोनदा चहा दिला, त्याच्या शेपटीला लागून गोळ्या घालायच्या म्हणजे हात अडखळतो. माझा तर असा संशय आहे की ही त्यांची युक्तीच असावी. पण वहीत काकांचे विजय शोधले तर एका पानात मावतात, तेव्हा युक्ती असली तरी फार कामाची नाही.

आता पोरगा. तो पहिल्या दिवशी आला आणि सावध न करता मारायला लागला. मागून आला, अर्ध्या पट्टीत, दोन पत्ते. परत अर्ध्या पट्टीत, परत दोन. अंकल गोलातल्या गोलात गेले. वकीलसाहेब पुस्तक चाळता चाळता गेले. काकांनी दोघांना मिठागरात उतरवलं आणि पोराला म्हणाले, ‘‘छान खेळतोस रे. पण दादा, जरा सांगून मारत जा.’’

खरा प्रसंग ओढवला तो डॉल्फिनवरून. सॉपविथ डॉल्फिन हे काकांचं लाडकं विमान, त्यांनी स्वतः घडवलेलं. या विमानात वरच्या पंखाच्या मधल्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं बाहेर यायचं. ते डोकं काकांनी टाचणीच्या टोकाचं केलंय. ते कुणाचं, हे आम्हा जुन्यांना माहीत होतं. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर, मुंबईचा, तेविसाव्या स्क्वाड्रनमधला. पहिल्या महायुद्धात जे मोजके भारतीय लढाऊ विमान चालवत होते त्यांतला एक. जून १९१८च्या अखेरीस तो डॉल्फिन घेऊन उडाला, जर्मन हद्दीत पडला आणि जखमांनी त्यांच्याच ताब्यात गेला. कबर फ्रान्समध्येच. वकीलसाहेबांचा ओढा इंद्रलाल रॉयकडे, कारण त्यानं त्याच वर्षी जुलैत दोन आठवड्यांत दहा विमानं पाडली आणि २२ तारखेला, एकोणीस वर्षांचा असताना, तो स्वतः पडला. आकडे सांगता येतात. काकांच्या वेलिंगकरकडे सांगण्यासारखा आकडा नाही. काकांकडे म्हणून फक्त डॉल्फिन आहे, आणि ते आजवर एकदाही पडलेलं नाही.

नुकसानीच्या पत्त्यांत काही पत्ते शून्याचे असतात. लागलं, पण काही झालं नाही. डॉल्फिनला गोळ्या लागल्या की काका पत्ता उचलतात, छातीशी धरून बघतात, ‘‘शून्य’’ म्हणतात आणि पालथा ठेवतात. आम्ही कधी मोजलं नाही.

पोरानं मोजलं. ‘‘काका, तुमच्याकडे नऊ पत्ते गेलेत. नऊच्या नऊ शून्य?’’

पंखा बंद असल्यामुळे खोलीत काहीच आवाज नव्हता. मग वकीलसाहेब, ज्यांनी आयुष्यात नियमाला सूट दिली नाही ते वकीलसाहेब, घसा साफ करून म्हणाले, ‘‘नुकसान गुप्त असतं. पान बघून सांगतो, पण पाहणी मागायचा अधिकार प्रतिपक्षाला नाही.’’ बाई म्हणाल्या, ‘‘नऊ वेळा शून्य येण्याची शक्यता शून्य नसते. फार कमी असते, पण शून्य नसते.’’ अंकलनी पोरापुढे सुकेळी ठेवली. तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, ‘‘अहो, त्याला सांगा ना तो कोण होता ते.’’

काकांनी सांगितलं. पोरगा सुकेळी खात ऐकत होता. मग त्यानं विचारलं, वेलिंगकरच्या बरोबर उडणारे बाकीचे कुठे होते त्या दिवशी? काकांना उत्तर देता आलं नाही.

पुढच्या रविवारी तो जर्मनांकडून खेळायला तयारच होईना. दुसरं डॉल्फिन मागितलं, काकांच्या उजव्या पंखाला लावलं आणि जो जवळ येईल त्याला न सांगता मारायला लागला. काका दर खेपेला शत्रूची माफी मागत होते. आणि वेलिंगकरला गोळी लागली की काकांनी पत्ता उचलायच्या आत पोरगा ओरडायचा, ‘‘शून्य!’’

शेवटी काकांनी त्याला गॅलरीत नेऊन समजावलं. मी चहाचे कप आत नेत होतो म्हणून ऐकू आलं. ‘‘असं नसतं करायचं, बाळा. आधी पत्ता उचलायचा. नीट बघायचा. जरा वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचा. मग म्हणायचं. घाई केलीस तर लोकांना संशय येतो.’’