पेशींना दिवाळी नसते

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढ्यात सणाला पुण्याहून येणारी तरुण मंडळी दोन प्रकारची. नोकरीवाले येतात ते मिठाईचे खोके घेऊन. दुसरा एकटाच, महाराष्ट्र एक्सप्रेसनं मलकापूरला उतरून, एसटीत उभ्यानं येतो आणि घरात शिरल्या शिरल्या फोन चार्जिंगला लावतो. हा पेशीजीवशास्त्रात पीएचडी करतो. कधीपासून, हे विचारायचं नाही. विषय निघाला की त्याच्या आईला चुलीवरचं काहीतरी आठवतं.

पुण्यात गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. प्राण्यांच्या पेशी वाढवून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवाव्यात म्हणून 1986 साली सुरू झालेली ही सोय. तिथं, किंवा आसपासच्या एखाद्या विभागात, हा हमखास भेटतो. अंगाला स्पिरिटचा वास, खिशात मार्कर पेन, आणि घड्याळाकडं बघत अर्धवट सोडलेला चहा. त्याच्या पेशी इनक्युबेटरमध्ये 37 अंशांवर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत राहतात. त्यांचे 37 अंश कधी चुकत नाहीत. त्याची सुरुवातीची फेलोशिपही 2023 पासून महिना 37 हजारच आहे. ती मात्र कधी चार महिने येत नाही, मग एकदम येते आणि तशीच एकदम खाणावळवाल्याकडं जाते.

पेशी ज्या द्रवात वाढतात ते माध्यम दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं. फ्लास्क भरला की ट्रिप्सिन घालून त्यांना सोडवायचं आणि नव्या फ्लास्कात वाटून द्यायचं. यात रविवार नाही, पोळा नाही. "द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून जा की," असं सर उदार मनानं सांगतात. उणे 196 अंशांना पेशी वर्षानुवर्षं झोपतात, हे खरंच आहे. पण उठवलेल्या पेशी मार्गी लागायला पंधरवडा जातो आणि सरांना निकाल नेमका त्याच पंधरवड्यात हवा असतो.

म्हणून आपल्या गड्यानं गावची सावड विभागात नेली. निंदणीला आज आम्ही तुमच्याकडं, उद्या तुम्ही आमच्याकडं, तसं. ओणमला केरळच्या मुलीच्या पेशी हा सांभाळतो, दिवाळीत त्याच्या ती. पूजेच्या दिवसांत बंगाली मित्राचे सहा फ्लास्क, बदल्यात नाताळात काहीतरी. या देण्याघेण्याचा हिशेब कुठं लिहिलेला नाही, पण बुडवलेला कुणाला आठवत नाही. विभागात मतभेद भरपूर: जर्नल क्लबात समोसे आधी की पेपर आधी, पिपेटच्या टिपांचा डबा कुणी रिकामा करून परत ठेवला, पेशी हाताळायचं निर्जंतुक हूड सकाळी दहाला कुणाचं. पण माध्यम बदलायला कुणी नाही म्हणत नाही. (सर या सावडीत नाहीत. त्यांच्याकडं पेशी नाहीत, फक्त त्यांची चित्रं असतात.)

ही सगळी माया एका सकाळी आटते. फ्लास्कात बुरशीचा पांढरा पुंजका दिसला की विभागाची ग्रामपंचायत होते. नोंदवहीत हूडवर शेवटचं नाव कुणाचं? कुणाच्या बाह्या वर होत्या? चौकशी रंगते, आणि शेवटी दोष उन्हाळ्यात प्रोजेक्टला आलेल्या एमएस्सीच्या पोरावर जातो, मग तो त्या आठवड्यात गावी का असेना.

धामणगावात त्याच्यापुढचे प्रश्न अधिक अवघड. बोंडअळीनं पोळलेले वडील विचारतात, "मंग तुमी फवारनी नाही करत का?" करतो, माध्यमातच पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन असतं. "अन् तरी रोग येते?" येतो, बुरशीला ते लागू पडत नाही. वडिलांना पहिल्यांदाच पोराच्या धंद्यावर विश्वास बसतो.

आजीला त्यानं एकदा हेला पेशींची गोष्ट सांगितली. अमेरिकेत बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स नावाची बाई 1951 साली कर्करोगानं गेली. तिला न विचारता काढून घेतलेल्या पेशी आजही जगभर वाढताहेत, पोलिओच्या लशीच्या कामीही आल्या. इथं विद्यार्थी पेशींच्या अमरत्वानं भारावतात. आजीनं विचारलं, "तिच्या लेकराईले काही भेटलं का?"

2023 मध्ये एका कंपनीनं घरच्यांशी तडजोड केली, असं त्यानं सांगितलं.

"मंजे बहात्तर वर्सांनी," आजी म्हणाली. "पीकविमाच झाला बाप्पा."

लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याचा फोन वाजतोच. रेंज फक्त गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीशेजारी. पुण्याहून केरळची मुलगी घाबरलेली: इनक्युबेटर ओरडतोय. फटाक्यांच्या आवाजात हा ओरडून सांगू लागतो, "सिलिंडर संपलंय! दुसरं लाव! आधी जुन्याचा कॉक बंद कर! नाही गं, उलटा फिरव! रेग्युलेटर घट्ट बसव आणि साबणाचं पाणी लावून बघ, बुडबुडे येतात का!"

खाली अंगणात पणत्या लावणारी शेजारची काकू थबकते. पुण्यात सणासुदीला पोरांचं सिलिंडर संपलं, स्वयंपाक अडला, आणि गं म्हणतोय म्हणजे ती कोण, हे दोन्ही विचार तिच्या मनात एकदमच येतात.

"वो भाऊ," ती वर बघून हाक मारते, "सुनबाईले सांग, शेजारनीकडून मागून घे मनाव. दिवाळीचं कोनी नाही मनत नाही."