आधी ढाप्याची उंची मोजा

जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यात गाडी लावायला जागा नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. बऱ्याच ठिकाणी जागा असते. तिथे गाडी पोट न घासता चढत नाही, ही खरी अडचण आहे.

रस्त्याच्या कडेला गटार, गटारीवर ढापा, पलीकडे दुकानाचा ओटा. ढापा आणि ओटा यांच्यामध्ये चार गाड्या सहज मावतील एवढी मोकळी जागा. ऑल्टोवाला तिच्याकडे बघतो, ढाप्याच्या धारेकडे बघतो आणि पुढे निघून जातो. मग गाडी रस्त्यावरच उभी राहते, मागे ट्रॅक्टर अडकतो आणि वाहतूक कोंडीचं खापर गाडीवाल्याच्या बेशिस्तीवर फुटतं. मला हे मान्य नाही. बेशिस्त माणूस असतो, तसं बेशिस्त बांधकामही असतं. त्याची पावती कोणी फाडत नाही.

आकडे बघू. स्विफ्ट आणि डिझायर या गाड्यांचं पोट जमिनीपासून १६३ मिलिमीटरवर असतं. होंडा सिटीचं १६५, जुन्या ऑल्टो ८०० चं १६०. सगळे आकडे साडेसहा इंचांच्या आत-बाहेरचे, आणि तेही रिकाम्या गाडीचे. खेड्यावरून पाचोऱ्याला येणारी गाडी रिकामी नसते. नगरदेवळा, लोहारा, वरखेडी, पिंपळगाव हरेश्वर इथून दवाखान्याला किंवा लग्नाच्या बस्त्याला निघालेल्या गाडीत पाच माणसं असतात आणि डिकीत सामान असतं. अशी गाडी दोन बोटं तरी खाली बसते. मागे सीएनजीची टाकी असेल तर आणखी. म्हणजे हातात उरतात जेमतेम बारा सेंटीमीटर.

अशा गाड्या वाढण्याचं कारणही उघड आहे. पाचोरा-जामनेर ही पीजे रेल्वे २०२० मध्ये थांबली, तेव्हापासून त्या मार्गावरच्या गावांचा सगळा भार रस्त्यावर आला आहे. बाजारात येणाऱ्या गाड्या वाढणारच होत्या. त्यांना थारा देणारी जागा आपण तयार केली नाही.

आता ढाप्याचा हिशेब. ढापा रस्त्यापेक्षा एक फूट उंच आहे आणि त्याला दोन फुटांचा सिमेंटचा उतार दिला आहे, असं धरा. डिझायरची पुढची चाकं वर चढली आणि मागची उताराच्या पायथ्याशी आली, की मधली धार पोटाला लागू नये म्हणून २१ सेंटीमीटरहून जास्त मोकळीक हवी. उंच म्हणून घेतलेल्या नेक्सॉनची मोकळीक २०.८ सेंटीमीटर आहे. तीसुद्धा तिथे सुटत नाही. तोच एक फुटाचा चढ पाच फुटांत दिला तर १२ सेंटीमीटर पुरतात. दहा फुटांत दिला तर फक्त सहा. म्हणजे दोष गाडीच्या उंचीत नाही, चढाच्या लांबीत आहे. शाळेतल्या भूमितीएवढाच हा हिशेब आहे. ढापा टाकण्याआधी तो कोणी करत नाही, याचा मला संताप येतो.

नियम नाहीत असंही नाही. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून नगरपालिकांच्या गावांनाही लागू आहे. तिच्यात एका मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरली आहे. इमारतीतल्या वाहनतळाच्या उताराला दहास एक ही मर्यादा आहे. लांबी ठरली, रुंदी ठरली, इमारतीच्या आतला उतारही ठरला. पण रस्ता आणि ती इमारत यांच्यामधलं गटार ओलांडायचं कसं, हे ठरवणं आपण गवंड्याच्या अंदाजावर सोडलं.

गाडीच्या पोटाखालचं अंतर सरकारला मोजता येत नाही, असं कोणी म्हणू नये. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेची ५० वी बैठक झाली. तिथे ठरलं की चार मीटरपेक्षा लांब, दीड हजार सीसीपेक्षा मोठं इंजिन आणि रिकाम्या अवस्थेत १७० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त ग्राउंड क्लिअरन्स असलेल्या गाडीवर २२ टक्के उपकर लागेल; तो २०२५ पर्यंत होता. अंतर गाडी रिकामी असताना मोजायचं की भरलेली असताना, यावरसुद्धा देशाचे आणि राज्यांचे अर्थमंत्री बसले आणि निर्णय झाला. कर घ्यायचा तेव्हा मिलिमीटर मोजतात. रस्ता द्यायचा तेव्हा फूटसुद्धा मोजत नाहीत. हा अन्याय आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे.

गतिरोधकाचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. त्यावरून जाताना डिझायरच्या पोटाला साडेचार सेंटीमीटरसुद्धा जागा लागत नाही, कारण दोन्ही चाकं गतिरोधकावरच असतात. पण सहा इंच उंच आणि दोन फूट रुंद डांबराचा ढीग टाकला, की तो दोन चाकांच्या मधोमध येतो आणि १५ सेंटीमीटर खातो. रिकामी स्विफ्ट जेमतेम सेंटीमीटरभराने वाचते. दोन माणसं बसली की घासते. गाडीचा वेग कमी करण्याचं काम रुंद गतिरोधकही करतो, आणि तो चेंबर फोडत नाही.

चेंबर फुटणं म्हणजे काय, हे गॅरेजवाल्याला विचारा. इंजिनाच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं. त्याला चीर गेली की ऑइल गळतं. चालकाच्या लक्षात आलं नाही तर इंजिन सीझ होतं आणि जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा दुरुस्तीत जातो. ज्याने पैसे साठवून सेकंडहँड गाडी घेतली, त्याला हा फटका महिनोन्महिने पुरतो. विजेच्या गाड्यांची बॅटरी तर तळातच बसवलेली असते. त्या वाढतील तशी ही जखम आणखी महाग होणार आहे.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे उंच गाडी घ्या. लोकांनी तो ऐकलाही आहे. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत आता निम्म्याहून अधिक एसयूव्ही आणि तत्सम वर्गातल्या आहेत. त्याचं एक कारण आपले रस्ते आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण चुकीच्या ढाप्यापायी माणसाने दोन-तीन लाखांचं जादा कर्ज का काढावं? परदेशी स्पोर्ट्स कार जमिनीला टेकल्यासारख्या असतात, तरी त्यांतल्या अनेकींना पुढची बाजू वर उचलणारं बटण मिळतं. ऑल्टोला ते बटण नाही. म्हणून ऑल्टोच्या मापाने रस्ता करायचा असतो.

दुकानदाराला दोषी ठरवून मी मोकळा होणार नाही. तो ओटा उंच करतो, कारण रस्ता उंच झाला आहे. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर पडतो, पुढे त्यावर काँक्रीट पडतं, आणि पावसाळ्यात पाणी दुकानात शिरतं. रस्त्याचं काम वेगळं, गटारीचं वेगळं, पेव्हर ब्लॉकचं आणखी वेगळं, आणि प्रत्येकाची पातळी वेगळी. त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, कडेची भर खचते आणि साइडपट्टी रस्त्यापासून वीतभर खाली जाते. रस्त्यावरून खाली उतरलेली गाडी परत वर येताना त्याच धारेला घासते.

ही मागणी फक्त मोटारवाल्यांची आहे, असंही कोणी समजू नये. ज्या ढाप्याला डिझायर घासते, त्याच ढाप्याशी व्हीलचेअर थांबते. अपंगांसाठीच्या उताराचं माप बारास एक आहे. भाजीची हातगाडी तिथे दोघांना ढकलावी लागते. गुडघे दुखणाऱ्या आजींना दवाखान्याच्या दारात उतरवता येत नाही, रस्त्याच्या मधोमध उतरवावं लागतं. एक पातळी नीट धरली तर या सगळ्यांची सोय होते.

तोवर चालकांनी काही गोष्टी पाळाव्यात. ढापा चढण्याआधी माणसं खाली उतरवा, त्याने पोटाला दोन बोटं मिळतात. धारेवर गाडी सरळ न घालता तिरकी घाला, म्हणजे एकेक चाक चढतं आणि धार मधोमध येत नाही. साचलेल्या पाण्याखालची कड दिसत नसेल तर तिथे लावूच नका. पण हा तात्पुरता इलाज झाला. नागरिकाने कसरत करत गाडी लावावी, ही व्यवस्था होऊ शकत नाही.

उपाय अवघड नाही. दुकानापुढे दहा फुटांचा उतार बसवायला जागा नसते, म्हणून उतार वाढवत बसू नका, ढापाच रस्त्याच्या पातळीला आणा. ही पातळी गटारीचं खोदकाम सुरू होण्याआधी ठरवावी लागते. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडा. भडगाव रोड असो की जामनेर रोड, जारगाव चौफुली असो की कृष्णापुरी, जिथे नवं काम निघेल तिथल्या अंदाजपत्रकात रस्ता, गटार आणि पार्किंगची जागा यांची पातळी एकाच कागदावर लिहा. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब हे मोजायला पुरते.

आणि काम तपासायची एक साधी रीत नगरपालिकेने घालून द्यावी. पाच माणसं बसलेली ऑल्टो त्या ढाप्यावरून न्यावी. ती न घासता गेली तरच बिल निघावं. घासली तर ढापा फोडावा आणि ठेकेदाराच्या खर्चाने पुन्हा बांधून घ्यावा.