मिरचीचा भाव, ४८ महिने मागून

नंदुरबारच्या मिरचीचा पुढचा भाव काढायचाय? सोपं आहे. पाच वर्षांचे मासिक भाव, म्हणजे ६० आकडे, 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. समाश्रयणात (रिग्रेशन) चल म्हणून मागच्या महिन्याचा भाव घ्या, त्यामागचा घ्या. हात आखडू नका, थेट ४८ महिने मागे जा. पहिल्या ४८ ओळींना तेवढा भूतकाळच नाही, त्या गळतात. उरतात १२ ओळी आणि काढायचे गुणांक, स्थिरांक धरून, ४९! 'आर' अडत नाही; १२ गुणांक देतं, बाकीच्यांपुढे 'एनए' (उपलब्ध नाही) लिहितं. मॉडेल किती जुळलं ते सांगणारा आर-वर्ग मात्र पुरता १. अहवालात छापायला याहून देखणा आकडा कुठला? शेजारचा 'समायोजित' आर-वर्ग तेवढा झाका. आणि पथारीवर वाळत घातलेली मिरची अवकाळीनं भिजली तर? पावसाचं चलही घाला की. त्याचेही ४८ महिने.