टायमिंग बेल्टची परीक्षा

गाडीचं बॉनेट उघडलं की मालकाने आत वाकून गंभीर चेहऱ्याने बघावं, असा रिवाज आहे. आतलं काही कळलं नाही तरी चालतं. मीही वाकतो. तो चेहरा बघूनच मिस्त्री बिलाचा अंदाज बांधतो, असं आमच्या हिचं म्हणणं.

मिस्त्र्यांची एक जात आधीच्या मिस्त्र्याच्या नावाने हळहळणारी. "साहेब, हे कुणी केलं?" हे तो अशा सुरात विचारतो की आपल्यालाच अपराधी वाटावं. दुसरी जात 'काम निघालं'वाली. ऑइल बदलायला गाडी सोडावी, तर दुपारी फोन येतो : लिंक रॉड गेला, बुश गेले, बेअरिंगही गेलं. सकाळी हीच गाडी आपण चालवत नेली होती, यावरचा आपला विश्वास उडतो. शिवाय दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरणारे आहेतच. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता तो भरणारा माणूस स्वतःच्या पुढच्या उन्हाळ्याची बेगमी करत असतो.

म्हणून मी एक परीक्षा काढली. माझ्या वॅगन-आरला के-सिरीज इंजिन आहे. त्याला टायमिंग बेल्ट नसतोच, चेन असते. नव्या गॅरेजात गेलो की मी भाबडेपणाने विचारतो, "टायमिंग बेल्ट बदलायला झालाय का हो?" एक जण म्हणाला, "कधीचाच!" दुसऱ्याने डोळे मिटून त्या बेल्टचा आवाज ऐकला. तिसऱ्याची नाना पेठेत पार्टवाल्याशी ओळख होती, तो स्वस्तात आणून देणार होता.

शेवटी एक जण हात पुसत म्हणाला, "बेल्ट कुठला साहेब? चेन आहे हिला. चालवा निवांत." मी नेटाने ब्रेक पॅडही दाखवले. त्याने चाक काढून बघितलं आणि म्हणाला, "आहेत अजून. पैसे जास्त झालेत का?" तपासणीचेही घेतले नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता. पण फुकट सोडतो म्हणजे याला काही येत नसणार, हा संशय घरापर्यंत मागच्या सीटवर बसून आला.

आता गाडी त्याच्याकडेच असते. बदललेला जुना पार्ट तो न मागता डिकीत ठेवतो. डिकीत सामानाला जागा उरलेली नाही, एवढीच तक्रार.

त्याचा नंबर मात्र मागू नका. शनिवारी तिथे आधीच रांग असते, आणि मला सुट्टी शनिवारीच असते.