बोटावरची प्रयोगशाळा

शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा गाड्या बनतात. तिथून तासा-दीड तासावरच्या सिल्लोडात ऑइलचं शास्त्र मात्र कंपनीच्याही पुढे गेलंय.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. म्हणून जर्मनांनी 'फोक्सवॅगन ५०२ ००' असली ऑइलची मानकं काढली, बिचाऱ्यांनी. सिल्लोडचा मिस्त्री डिपस्टिक उपसतो, थेंब अंगठा-तर्जनीत चोळतो, नाकाशी नेतो. "चिकट हाय शेठ, अजून पाच हजार पळंल." मॅन्युअल कप्प्यात, पिशवीसकट कोरं.

सरकारनं रक्ततपासणीही याच बोटांकडे सोपवावी.

टर्बो बसला तेव्हाही निदान तत्काळ झालं: "फॉरेनच्या गाडीला आपलं डिझेल मानवत न्हाई."

शेठनी मान डोलावली. गाडी पेट्रोलची होती.