पहिले तं पळालेच होते ना!

तुरीच्या शेंगा बाजारात आल्या की आमच्या हिंगणघाटच्या गल्लीत गप्पांना जोर चढतो. सोलायला ऊन लागतं, ऊन असतं कुंपणाशी, आणि कुंपणापलीकडे असतात काकू. टोपलंभर शेंगा एकटीनं सोलायच्या म्हणजे शिक्षा. दोघी बसलो की सोल्यांची भाजीही होते आणि गल्लीतल्या घरांचा पंचनामाही.

परवा पाळी आली कोपऱ्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांची. उन्हाळ्यात टँकर आला की हे गृहस्थ वही घेऊन उभे. कोणी किती बादल्या भरल्या, सगळं लिहून. एक बादली जास्त गेली की भांडण. मग त्यांची बायको गेली. वर्षभर दार बंदच दिसायचं. आता मात्र रोज सकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडे चक्कर मारतात. कोणाची बीपीची गोळी संपत आली, कोणाची सेवाग्रामच्या दवाखान्यातली तारीख कधी आहे, सगळं त्यांना ठाऊक.

मी म्हटलं, "काकू, दुःखानं माणूस किती बदलतो बघा."

"कोठी बदलला व?" काकूंनी शेंग फोडली. "वही तेच हाय. पहिले बादल्या लिहे, आता गोळ्या लिहिते."

"म्हणजे दुःखाचा काही उपयोगच नाही?"

"कोन म्हनलं तुले का दुःखानं मानूस चांगलाच होते? आमच्या गावच्या त्याचा कापूस बोंडअळीनं गेला, तवापासून सख्ख्या भावासंग बोलत नाई. बांधावर गोटे मोजत बसते."

ते खरं होतं. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं आपल्या भागातला कापूस पोखरला, तेव्हा एकाच धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच नुकसान झालं. माणसं मात्र दोन्हीकडची सारखी झाली नाहीत. तरी हार मानायची माझी तयारी नव्हती. मी थेट गावचा मोठा दाखला काढला: बाबा आमटे. जन्म 26 डिसेंबर 1914, हिंगणघाट. आपल्याच गावचे म्हटल्यावर काकू काही बोलणार नाहीत, असा हिशेब.

आज बाबा म्हटलं की पांढरी बंडी आणि अर्धी चड्डी डोळ्यांसमोर येते. पण जमीनदाराघरचा तरुण मुरलीधर देवीदास आमटे हा वेगळाच गडी होता. वकिली, शिकार, स्वतःची मोटार आणि तिच्या बैठकीला जनावराचं कातडं. इंग्रजी सिनेमे बघून त्यांची परीक्षणं लिहायची, वर हॉलिवूडच्या ग्रेटा गार्बोला पत्रं पाठवायची. काकूंना ग्रेटा गार्बो सांगावी लागली. "म्हंजे मधुबालेवानी," मी म्हटलं. एवढ्यावर भागलं.

भीती म्हणून माहीत नव्हती. रेल्वेत गोरे सोल्जर एका मुलीची छेड काढत होते, तर हा एकटा त्यांना भिडला, मार खाल्ला आणि गाडी वर्ध्याला येईपर्यंत हटला नाही. गांधीजींनी 'अभय साधक' म्हटलं ते यामुळेच. पुढे वरोड्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. मैला वाहणाऱ्या कामगारांचं जगणं कळावं म्हणून स्वतः मैल्याची पाटी डोक्यावर घेतली. आणि अशाच एका पावसाळी रात्री त्यांना तुळशीराम दिसला. महारोगानं हातापायांची बोटं झडलेली, अंगावर किडे, जीव जेमतेम उरलेला. आणि अभय साधक तिथून पळाले.

काकूंचा हात थांबला. "पहिले तं पळालेच होते ना! हे कोनी सांगत नाई."

"स्वतः बाबांनीच सांगितलंय. आणि मग परत गेले. त्याला खाऊपिऊ घातलं, डोक्यावर आडोसा केला. तुळशीराम काही वाचला नाही. पण आपण घाबरलो कसे, हे काही केल्या त्यांच्या मनातून जाईना."

"मंग तेच तं. त्या रस्त्यानं त्या दिवशी आनखी गंज लोक गेले असतीन. त्यायले का तो दिसला नाई? दिसला. तेही पळाले. फरक येवढाच का हे माघारी आले."

यावर मला बोलता येईना, कारण मुद्दा माझ्यापेक्षा काकूंनीच नीट मांडला होता. तुळशीरामानं बाबांना बदललं असं आपण सहज म्हणतो. पण अनुभवानंच माणूस बदलत असता तर वरोड्यात त्या पावसाळ्यात डझनभर बाबा आमटे झाले असते.

पुढचं बघा. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला गेले, तर रोगाच्या जंतूंचा प्रयोग करायला स्वतःचं शरीर देऊ केलं. परतून 1949 मध्ये वरोड्याला महारोगी सेवा समिती काढली आणि दगडधोंड्यांच्या माळावर आनंदवन उभं केलं. मणक्याच्या दुखण्यानं बसणं अशक्य झालं, तर आडवं पडून 1985 मध्ये कन्याकुमारीहून 'भारत जोडो'ला निघाले. पुढे मुक्काम थेट नर्मदेच्या काठी. शिकाऱ्याचा हट्टच आहे हा! माग लागला की सोडायचा नाही. सावज तेवढं बदललं. माझ्या मते बाबा बदलले नाहीत, कामाला लागले.

जमनालाल बजाजांचंही तेच म्हणता येईल. राजस्थानातून वर्ध्याला दत्तक आलेला हा शेठ. तरुणपणी आजोबांनी पैशावरून टोचून बोललं, तर इस्टेटीवर पाणी सोडतो असं पत्र लिहून घर सोडून निघाला. 1928 मध्ये स्वतःच्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यानं दलितांना खुलं केलं. पण हिशेब? हिशेब कधी सुटला नाही. वर्षानुवर्षं काँग्रेसचे खजिनदार राहिले. "वान्याची वही," काकू म्हणाल्या आणि कोपऱ्यावरच्या घराकडे हनुवटीनं खूण केली.

"आणि बाबांची बायको?"

काकूंचा खरा रस इथे. साधनाताई म्हणजे नागपूरच्या सोवळ्याओवळ्याच्या घुले शास्त्र्यांची इंदू. लग्नघरात सगळे नटूनथटून मिरवत असताना ही मुलगी मागल्या दारी म्हाताऱ्या मोलकरणीला हात लावत होती. बाबांनी ते पाहिलं आणि ठरवून टाकलं. 1946 च्या डिसेंबरात लग्न झालं.

"मंग हिले कोनता तुळशीराम भेटला होता?"

कोणताच नाही. लग्नाआधी होती तशीच ती आनंदवनात राहिली. काडीमोलाचा संसार, महारोग्यांची सोबत, बाबांसारखा नवरा, आणि पुढे 'समिधा' हे आत्मचरित्र लिहिलं तेही आवाज न चढवता. बाबांच्या तुळशीरामाची गोष्ट शाळेतली पोरं सांगतात. ताईंची गोष्ट सांगायची तर त्यात सांगण्याजोगी रात्रच नाही.

"आपल्याले तमाशा लागते," काकू म्हणाल्या. "दारुड्यानं दारू सोडली का गावभर बोलतीन. ज्यानं कधी पेलीच नाई, त्याचं कोन नाव घेते?"

त्यावरून मला मनोहर दिवाण आठवले. विनोबांचा हा सहकारी. वर्ध्याजवळ दत्तपूरला 1936 मध्ये, म्हणजे आनंदवनाच्या तेरा वर्षं आधी, यानं महारोग्यांची सेवा सुरू केली. तेव्हा हे काम मिशनऱ्यांचंच, अशी समजूत होती. सेवाग्रामात गांधीजी ज्यांच्या जखमा धुवून मालिश करायचे, ते संस्कृत पंडित परचुरे शास्त्री शेवटी दत्तपूरलाच राहिले आणि 1945 मध्ये वारले. सेवाग्रामला त्यांची कुटी लोक वाकून बघतात. दत्तपूरचं नाव कितींना ठाऊक आहे?

काकूंना ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांनी कबूलही केलं नाही. "असन," एवढंच म्हणाल्या.

वर्ध्याला पाहुणे आले की आपण त्यांना सेवाग्राम दाखवतो, मग पवनारला नेऊन धामच्या काठावर फोटो काढतो. पवनारला जाताना नागपूर रस्त्यावरच दत्तपूर लागतं. पुढच्या खेपेला पाहुण्यांना घेऊन तिथेही जरा उतरा.