तबकडीतात्या

तबकडीतात्यांना कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर वरून येतं. वर म्हणजे देवाकडून नव्हे. देव ही, तात्यांच्या मते, भोळ्या माणसांनी परग्रहवासीयांना दिलेली पदवी आहे. मग तुम्ही संकष्टीला उपास करता तो नक्की कुणाचा, असं काकूंनी एकदा विचारलं. "तो वेगळा विषय आहे," म्हणाले, आणि साबुदाण्याच्या खिचडीचं ताट पुढे ओढलं.

असा एक नग प्रत्येक सोसायटीत असतो. नोकरीतून निवृत्त, पेन्शन व्यवस्थित, वाचन भरपूर, आणि तरुणपणी कधीतरी डॅनिकेन हाती लागलेला. एरिक फॉन डॅनिकेन हा मूळचा स्विस हॉटेलवाला. प्राचीन देव म्हणजे अंतराळवीर असं सांगणारं त्याचं पुस्तक १९६८ साली आलं आणि जगभर खपलं. १९७० मध्ये पैशांच्या अफरातफरीबद्दल स्विस कोर्टाने त्याला शिक्षाही ठोठावली. ही माहिती मी तात्यांना मोठ्या आशेने दिली होती. ते टाळी वाजवून म्हणाले, "बघ! लगेच आत टाकला!"

इतर परग्रहप्रेमींचं आकाशात दिवे दिसले की भागतं. तात्यांचा खास विषय युद्ध. माणसं स्वतःच्या अकलेने एकमेकांना मारतात हे त्यांना पटतच नाही. कुणाची तरी फूस असणार. १९४४ साली अमेरिकन वैमानिकांना रात्री विमानामागून येणारे प्रकाशाचे गोळे दिसले. तात्यांच्या हिशेबी ते वरचे निरीक्षक. फेब्रुवारी १९४२ मध्ये लॉस एंजेलिसच्या सैनिकांनी एका रात्रीत चौदाशेच्या वर तोफगोळे आकाशात उडवले आणि खाली शत्रूचं एकही विमान पडलं नाही. "रिकाम्या आभाळावर चौदाशे गोळे कोण झाडेल?" तात्या विचारतात. पर्ल हार्बरला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा. घाबरलेला माणूस झाडेल, असं मी म्हणतो. हे उत्तर त्यांना फार घरगुती वाटतं.

त्यांचं हुकमाचं पान म्हणजे १९४७.

"जुलैमध्ये रॉसवेलला तबकडी पडली. ऑगस्टमध्ये इंग्रज गेले. व्हाइसरॉय कोण? माउंटबॅटन. १९५५ साली माउंटबॅटनच्या इंग्लंडमधल्या इस्टेटीवर तबकडी उतरली. आता बोल."

आता पंचाईत अशी, की यातला शेवटचा धागा हवेतला नाही. ब्रॉडलँड्स या इस्टेटीवरच्या एका गवंड्याने तबकडी पाहिल्याचं सांगितलं होतं आणि माउंटबॅटनसाहेबांनी त्याचं म्हणणं गांभीर्याने घेऊन नोंदवून ठेवलं होतं. तात्यांशी वाद घालण्यातली खरी अडचण हीच. त्यांच्या दहा वाक्यांतली चार खरी असतात, आणि उरलेली सहा त्या चारांच्या खांद्यावर बसून येतात. रॉसवेलचंही तसंच. तबकडी सापडल्याचं आधी लष्करानेच जाहीर केलं आणि लगेच फिरवून हवामानाचा फुगा म्हटलं. पुढे १९९४ मध्ये अमेरिकन हवाई दलाने कबूल केलं, की रशियाच्या अणुचाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांचे ते अवशेष असावेत. म्हणजे सरकारने लपवाछपवी केली होती हे तात्यांचं म्हणणं बरोबर. फक्त लपवला होता फुगा. हे सांगितल्यावर त्यांनी बोटांवर हिशेब केला. "१९४७ ते १९९४. किती झाले? सत्तेचाळीस! इथेसुद्धा सत्तेचाळीसच!"

मोहेंजोदडोचा निकाल तात्या दोन मिनिटांत लावतात: अणुबाँब. तिथे सापडलेले सांगाडे वेगवेगळ्या थरांतले, वेगवेगळ्या काळांतले आहेत, एका दिवसात कुणी मेलेलं नाही, हे जॉर्ज डेल्स या पुरातत्त्वज्ञाने १९६४ मध्येच लिहून ठेवलंय. शिवाय ज्या बाँबने शहर संपवलं त्याने विटांच्या भिंती तेवढ्या उभ्या ठेवल्या. "तंत्रज्ञान!" तात्या म्हणतात.

मात्र तात्या खरे खुलले वेरूळला. सोसायटीची सहल होती. कैलास लेण्यासमोर सगळे फोटो काढत होते आणि तात्या आतल्या चौकात उभे राहून मान वर करून मोजमाप घेत होते. गाइड सांगत होता: आठवं शतक, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, डोंगर माथ्याकडून खाली कोरत आणला.

"लाखो टन दगड कुठे टाकला मग?" तात्यांनी त्याला थांबवलं.

"साहेब, ते नंतर बघू. आधी ह्या भिंतीवर बघा, छिन्नीचे घाव दिसतात."

"ते मुद्दाम ठेवलेत. माणसांना वाटावं म्हणून."

गाइड पोक्त होता. त्याने तात्यांना आणखी काही लेणी फिरवून अर्धवट सोडलेलं काम दाखवलं. खांबांचे नुसतेच ढोबळ ठोकळे काढलेले, दगड कसा फोडत नेला ते स्पष्ट दिसणारं.

"अर्धवट का राहिलं?" तात्यांचे डोळे चमकले. "निघून गेले ना ते!"

"पैसे संपले असतील, साहेब," गाइड म्हणाला.

मला त्या दिवशी तात्यांची दया आली, कारण त्यांच्या अविश्वासाचं मूळ मला ठाऊक होतं. त्यांच्या न्हाणीघरातल्या फरश्या बसवायला गवंड्याने दिवाळीचा वायदा केला आणि होळी उजाडली. अशा माणसाचा राष्ट्रकूटांच्या पाथरवटांवर विश्वास बसावा तरी कसा? पण डॅनिकेनला ही सवलत देता येत नाही. लंडनचं सेंट पॉल कुणी बांधलं याबद्दल या मंडळींना रात्री जाग येत नाही. शंका येते ती इजिप्तची, पेरूची, वेरूळची. युरोपात उंच काही उभं राहिलं की ते कारागिरांचं कौशल्य, आणि आमच्याकडे राहिलं की ते पाहुण्यांचं काम. पूर्वजांच्या अभिमानाने ऊर भरून येणाऱ्या तात्यांना त्यातला अपमान कळत नाही. ते एकाच दमात सांगतात, की विमानविद्या आपली होती आणि ती वरच्यांनी दिली होती. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा ते दाखला देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असा निर्वाळा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली दिला. तात्यांच्या मते तो "त्यांच्या" दबावाखाली. हे "ते" दोन प्रकारचे असतात, वर राहणारे आणि खाली दाबून ठेवणारे. बोलण्याच्या भरात कुठले कधी येतात याचा तात्यांनाही पत्ता नसतो.

परवा कट्ट्यावर मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, "तात्या, प्रत्येक युद्धात वरचे असतात, तर पानिपतावर ते कुणाच्या बाजूने होते?"

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी काही अचरट बोललो.

"पानिपतात त्यांचा काय संबंध? तिथे सगळा माणसांचा घोळ!" आणि मग सैन्याचा गोल आधी कुणी मोडला, यात्रेकरूंचं लटांबर बरोबर कुणी घेतलं, सूरजमल जाटाला कुणी दुखावलं, यमुनेपाशी वेळ कुणी घालवला, असं एकेक नाव घेत त्यांनी रात्री साडेदहापर्यंत सगळ्यांना फैलावर घेतलं. काकू दोनदा बोलावून गेल्या. समोरच्या बिल्डिंगमधले नाना मधेच म्हणाले, की सदाशिवरावभाऊंची तशी काही चूक नव्हती. त्यावर तात्या जे उसळले, ते अजून नानांशी बोलत नाहीत.